सात-दहाची किल्ली

तिने नुकताच बांधून झालेला शब्दकोश तपासायला मधोमध उघडला आणि पाठीवर अंगठा दाबला. कर्र. आवाज इतका बारीक, की कान तयार नसलेल्याला ऐकूही आला नसता.

"तुटला?" शिलाईवालीने सुई न थांबवता विचारलं.

"आज नाही. सहा महिन्यांनी तुटेल. ज्याच्या हातात असेल त्याच्या."

तिने शब्दकोश बाजूला ठेवला आणि साहेबांनी वाटलेला फॉर्म पुढे ओढला. दुपारपर्यंत भरून द्यायचा होता. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे. पाच म्हणजे पूर्ण सहमत.

*१. नेमून दिलेल्यापेक्षा जास्त काम मी आपणहून करते.*

बांधणीचा सरस मंद आचेवर पाऊण तास वितळावा लागतो. घाईने तापवला की जळतो, आणि जळका सरस पुस्तकाची पाठ धरत नाही. म्हणून अकरा वर्षं ती सकाळी सात-दहाला येत होती. मागच्या दाराची किल्ली जुन्या फोरमनने तिच्या हातावर ठेवली होती, कुठे सही नाही की नोंद नाही. आठला बाकीचे यायचे तेव्हा सरस मधासारखा झालेला असायचा. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

मग दारात अंगठा लावायचं यंत्र आलं. आठच्या आधी प्रवेश बंद. ती तरी दोन दिवस मागच्या दाराने आलीच, तर हातात ताकिदीचं पत्र पडलं.

"मॅडम, राग मानू नका," नवे साहेब अगदी अदबीने म्हणाले होते. "तुम्ही एकट्या असताना काही झालं तर?"

"अहो, पण आठनंतर घाईने तापवलेला सरस..."

"सूचना लिहून पेटीत टाका ना. आपण नक्की बघू."

तिने तीनदा लिहून टाकली. पेटीला छान छोटंसं कुलूप होतं.

*२. माझ्या वरिष्ठांना माझ्या मताची कदर आहे.*

"आली का आमची कटकट!" फोरमन सकाळी सकाळी हात जोडायचे. नाव तेच पडलं, आणि तिलाही ते आवडायचं. दहातल्या सात गोष्टींना ते नाही म्हणायचे. पण हातातलं काम खाली ठेवून म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी म्हणाले, "तू भांडतेस तोवर मला घोर नाही. गप्प बसलीस ना, की मी घाबरेन."

"काय गं कटकट, मागच्या खेपेसारखं सूचनांनी मागचं पानही भरणार?" शिलाईवाली हसली. "साहेबांचं जेवण राहील बिचाऱ्यांचं."

ती हसली नाही. पेनाचं टोपण काढलं.

*३.*

*४.*

*५ ते १४.*

वाचायची गरज नव्हती. हात एका रेषेत खाली खाली येत गेला.

तीनच्या सुमारास साहेब स्वतः टेबलापाशी आले. हातात तिचा फॉर्म, चेहरा उजळलेला.

"मॅडम, सगळीकडे पाच! अख्ख्या विभागात तुम्ही एकट्या. खरं सांगू? मला वाटायचं, तुम्ही नाराज आहात."

"नाही, साहेब."

"आणि हजेरी बघितली मी. महिनाभर आठच्या ठोक्याला! काही सुचवायचंय का? मोकळेपणाने बोला."

तिने कमरेचा जुडगा काढला आणि त्यातली एक किल्ली नखाने सोडवू लागली. कडी घट्ट बसली होती, वेळ लागला. साहेब थांबले.

"ही घ्या."

"कुठली?"

"मागच्या दाराची."

"अरे! नोंदीत नव्हतीच ही. बरं झालं दिलीत." त्यांनी किल्ली खिशात टाकली, मनापासून आभार मानले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

शिलाईवालीची सुई थांबली होती.

"ताई?" ती हळूच म्हणाली.

तिने बाजूला ठेवलेला शब्दकोश उचलला. डावीकडे नापासांची फळी, उजवीकडे पासांची चळत. क्षणभर तो हातातच राहिला. मग तिने तो उजवीकडच्या चळतीवर ठेवला, दोन्ही तळव्यांनी कडा सारख्या केल्या आणि पुढचा घेतला. तो तिने उघडला नाही.