कण्हेरीचं सोनं

करंजखोलच्या देवळासमोर त्या सकाळी चपला काढायलाही जागा नव्हती. खांब गावापाशी हमरस्ता सोडून आत वळलं की हे गाव लागतं. एरवी दिवसाला दोन एसट्या येतात, त्याही वाट चुकल्यासारख्या. पण गणपती गेले आणि आठवड्याभरात टेम्पो भरभरून माणसं येऊ लागली. का, तर देवळाच्या अंगणातल्या कण्हेरीला देवीनं सोनं धरलं होतं.

आणि सोन्याचे थेंब खरंच होते, हे कबूल करायला हवं. पानांच्या पाठीला बोटाच्या पेराएवढे, वरून निमुळते, खाली गोल, बघणाऱ्याचं तोंड दिसावं इतके चकचकीत. वारा आला की सगळं झाड लखलखायचं आणि म्हाताऱ्या बायका तिथेच पदर पसरायच्या.

झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत हैबत महाराज बसले होते. महाराज होण्याआधी हा गृहस्थ हमरस्त्यावर पंक्चर काढायचा. भगवी कफनी आली, पण बोलण्यातलं दुकान काही बंद झालं नव्हतं.

"मी कोण? कोण नाय. मी नुसता पंप हाय. हवा देवीची, टूप तुमची. पन टुपेला भोक नको. भोक म्हंजे काय? घरातलं पाप, मनातला संशय. थेंब घरी न्या, डब्यात ठेवा, आठ दिस झाकण उघडायचं नाय. पाप नसंल तर नववे दिवशी अस्सल सोनं. काळं पडलं तर देवीला बोल लावू नका, कोंबडा नि साडी घेऊन माझ्याकडं या. पंक्चर काढून देतो."

पंधरा-वीस घरांत डबे गेले होते. कुणाचं सोनं झालं, हे विचारलं की जो तो हसून विषय बदलायचा. आपल्या डब्यात काळं निघालं, असं सांगणार कोण? सांगायचं म्हणजे आपल्याच घरात पाप आहे अशी दवंडी पिटायची. तेव्हा प्रत्येकाला वाटायचं, शेजाऱ्याचं झालं असणार, आपलंच नशीब फुटकं. अशा गप्प बसण्यावर महाराजांचा धंदा चालला होता.

या गर्दीत गळ्यात कॅमेरा लटकवून मालू उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. मालू पेणजवळच्या जोहे गावची. गणपतीच्या कारखान्यात ती मूर्तींना सोनेरी रंग द्यायची. मुकुट, बाजूबंद, सोंडेवरची नक्षी. हंगाम सरला की पेणच्या विमलबाईंच्या मंडळाबरोबर फुलपाखरांच्या सहलीला जायची. विमलबाई शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्या मालूचे फोटो बघायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे. पण फुलपाखरू कुठं आहे?" कारण फोटोसाठी थांबावं लागतं, आणि थांबणं मालूला ठाऊक नव्हतं. फुलपाखरू बसायच्या आत ही धावायची. करंजखोलला ती हौसामावशीकडे राहायला आली होती, आणि कोलाडच्या नदीकाठी भटकायचा बेत होता. पण सकाळपासून गावभर सोन्याशिवाय दुसरी गोष्ट नव्हती.

"हा रंग हाय," मालू मोठ्यानं म्हणाली. "आमच्या कारखान्यात पिंपानं असतो. पानावर थेंब टाकलाय लाखेचा, वर सोनेरी मारलाय."

तिच्या शेजारी मावशीच्या शेतावर कामाला येणारी पारी उभी होती, कातकरवाडीतली. ती हळूच म्हणाली, "मालूताय, हात नको लावू. त्यात जीव हाय."

मालूनं ऐकलं, पण ऐकलं नाही. पुढे झाली आणि सगळ्यांदेखत एका थेंबावर नख ओढलं.

रंग निघाला नाही. थेंबच फुटला. पिवळट चिकट पाणी तिच्या बोटावरून ओघळलं, आणि चकाकी बघता बघता विझून गेली. राहिलं ते तपकिरी फोलपट. गर्दीतून एकच सुस्कारा उठला.

महाराज क्षणभर गोंधळले, पण पंक्चरवाला माणूस, ठिगळ त्यांच्या खिशातच असायचं. मालू हौसाबाईंची भाची, आणि महाराजांकडे येणारा भात हौसाबाईंच्या घरचाच सगळ्यात जास्त. तिला बोलून चालणार नव्हतं. त्यांनी बोट दाखवलं ते पारीकडे.

"सोनं रडलं. ह्या बाईनं मंतर पुटपुटला, मी वठ हलताना बघितलं. ह्या बाईची नजर पडती म्हणून गावाचं सोनं काळं पडतंय."

आणि मग जे झालं ते मालू जन्मात विसरली नाही. गाव चिडलं नाही, गावाला सुटल्यासारखं झालं. गप्प बसलेली घरं डबे घेऊन बाहेर आली. "आमचं बी काळं पडलं." "आमचं बी." पाप आपल्या घरात नव्हतं तर! दहा-बारा माणसांच्या डोक्यावरचं ओझं उचलून एका बाईच्या डोक्यावर ठेवलं गेलं, आणि ठेवणाऱ्यांची तोंडं उजळली.

निवाडा ठरला. घटस्थापनेला सकाळी देवीसमोर तेल उकळायचं आणि पारीनं त्यातून नाणं काढायचं. हात भाजला तर ती चेटकीण. तिनं नवऱ्यासकट वाडी सोडायची. पारीची झोपडी वाडीच्या टोकाला, देवळाला लागून होती आणि महाराजांना मठाला जागा हवी होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मालू दुपारच्या गाडीनं पेणला गेली. विमलबाईंच्या ओट्यावर तिनं सगळं सांगितलं, बसून नव्हे, येरझारा घालत.

"कोष होता तो," विमलबाई म्हणाल्या. "अळीचं त्यात फुलपाखरू बनतं. तीन वर्षं फुलपाखरांमागे धावतेस, एकदा तरी कोषापाशी बसली असतीस तर ओळखलं असतंस."

"मग चकाकी?"

"साबणाच्या फुग्यावर रंग असतात, फुगा फुटल्यावर कुठं जातात? याच्या सालीत पातळ पातळ थर असतात, त्यांवरून उजेड परततो. आतला जीव गेला की खेळ संपला. आणि फुलपाखरू निघायच्या आदल्या दिवशी कोष काळा पडतो. तुझ्या महाराजांना ते आठ दिवस बरोबर माहीत आहेत."

"मी मारलं त्याला," मालू म्हणाली. "आणि पारीलाबी मीच अडकवलं." एवढं बोलून ती पहिल्यांदा खाली बसली.

विमलबाईंनी पाणी दिलं. "जादूटोण्याविरुद्ध कायदा झालाय. पोलिसांत तक्रार मी देते. ते येतील, त्याला नेतील. पण पारीला गावातच राहायचंय. गावाच्या डोक्यातून हे काढायचं तर गावासमोरच निघालं पाहिजे. तुझ्या मावशीकडेही एक डबा आहे म्हणालीस ना? रोज एक फोटो काढ, तारखेसकट. आणि हे कोष त्याला मिळतात कुठून ते शोध."

शोधायला फार लागलं नाही. महाराजांचं जुनं दुकान हमरस्त्यावर होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत जाताना मालू खांबला उतरली. एका ढाब्यामागे कण्हेरीचं लांबलचक कुंपण होतं, आणि पानोपानी तेच सोनं लटकत होतं. मधल्या कित्येक फांद्या कात्रीनं छाटलेल्या होत्या. ढाबेवाला गुणाजी म्हणाला, "म्हाराज पहाटे येऊन न्हेतात. पूजेला म्हनं." म्हणजे देवळातल्या झाडावर लटकत होतं ते इथलंच सोनं. मालूनं फोटो काढले, तीन कोष फांदीसकट तोडले आणि ढाब्यावरच्या एका ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर विमलबाईंकडे धाडले.

मावशी डबा उघडू देईना. "आठ दिस व्हायचेत गो. माझ्या घरात पाप हाय का बघायचंय ना तुला?"

"मावशे, आत जीव हाय. गुदमरंल."

मावशीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "मी दुसऱ्याच दिशी उघडून बघितला व्हता. कुणाला बोलू नको."

कोष फांदीसकट काचेच्या बरणीत टांगला, तोंडाला मलमल बांधली. आणि मालूचे खरे हाल सुरू झाले. रोज एक फोटो, आणि उरलेला दिवस नुसता. ती परड्यात जायची, परत यायची, बरणीत डोकावायची, पुन्हा जायची. कोष ढिम्म. घटस्थापनेच्या आधीच निघाला तर? नंतर निघाला तर? मेलाच असेल तर? कामाला येणं पारीनं सोडलं नव्हतं. मालू तिच्यासमोर मान वर करू शकत नव्हती.

"नवरा म्हनतो वीटभट्टीवर जाऊ, परत यायचं नाय," पारी एकदा भात पाखडता पाखडता म्हणाली. "मी म्हनलं, झोपडी माझ्या आयची. मी का जाऊ?" मग बरणीजवळ येऊन बसली. "पट्ट्यापट्ट्यांची अळी असते, शिंगांची. उंबरावर बी असते. आमची पोरं खेळतात तिच्याशी. मी तुला सांगितलं व्हतं."

"व्हय," मालू म्हणाली. "मी ऐकलं नाय."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कोषाची चकाकी मावळली आणि तो काळा पडला. मावशी घाबरली. पारी म्हणाली, "उद्या."

सकाळी देवळापुढे तीन दगडांच्या चुलीवर कढई चढली. विमलबाई हवालदाराला घेऊन निघाल्या होत्या, आणि वडखळ नाक्यावर अडकल्या होत्या. वडखळला ट्रक आडवा झाला की देवीसुद्धा वेळेवर पोचत नाही. मालूच्या फोनवर एवढंच आलं: हलत नाही, तू थांबव.

"नाणं टाका," महाराज म्हणाले.

"जरा थांबा," असं म्हणत हौसामावशी गर्दीतून पुढे आली, हातात बरणी. "हा माझा डबा. मी उघडला, आठ दिस व्हायच्या आत. पारी माझ्याकडं रोज येते, रोज ह्याच्याकडं बघते. बघा."

महाराजांना हसू आवरेना. "बघा. काळं पडलं. मी वेगळं काय सांगत व्हतो?"

लोक कुजबुजले. कढईतून धूर निघायला लागला. मालूच्या मनात आलं, धावावं, कढई लाथाडावी, ओरडावं. पण गेल्या वेळी ती धावली होती. तिनं बरणी ओट्यावर ठेवली, मलमल सोडली आणि समोर मांडी घातली.

"काय नाय करायचं," ती म्हणाली. "फक्त बघायचं."

तिचा गुडघा तेवढा उडत होता. काही झालं नाही. आणखी काही झालं नाही. मागून कुणी हसलं. महाराज नाणं हातात खेळवत होते. मग पारी, जिचा हात तेलात जायचा होता ती, मालूच्या खांद्यावरून वाकली आणि म्हणाली, "हालली."

साल खालच्या बाजूनं तडकली. आधी पाय आले, मग ओली चुरगळलेली गुंडाळी. ती रिकाम्या सालीला धरून लोंबकळली आणि हळूहळू तिचे पंख उतरले: तपकिरी, कडेला पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. मागे राहिलेली साल पाण्यासारखी आरपार होती, सोन्याचा कणही नव्हता.

"ही तर पाकोळी," म्हातारे दाजी म्हणाले. ते गावातले सगळ्यात वडीलधारे. "आमच्या डब्यात काळी, किड्यासारखी मेलेली निघाली व्हती. मला वाटलं चेटूक."

"आमच्यात बी," गर्दीतली शकू म्हणाली. मग आणखी चौघं-पाचजण तेच म्हणाले.

महाराजांनी ठिगळ काढलंच. "बघा देवीची लीला. सोन्यात जीव घातला."

"मग झाकण का लावायचं, म्हाराज?" मालू बसूनच म्हणाली. "उघडं ठेवलं असतं तर सगळ्यांना पाकोळी दिसली असती, म्हणून ना? नि ही देवी खांबला ढाब्यामागं का सोनं धरते? तिथं कात्री कुणाची चालली?" तिनं आदल्या दिवशी कोलाडला छापून आणलेले फोटो ओट्यावर मांडले. रोजचा एक कोष, आणि शेवटी छाटलेलं कुंपण. ते हातोहात फिरले. हातच्या काकणाला आरसा कशाला! महाराज खुर्चीतून उठले, तेव्हा त्यांना वाट द्यायला कुणी सरकलं नाही.

दाजींनी लाकडं ओढून चूल विझवली.

तासाभरानं विमलबाई जीपमधून पोचल्या, हवालदारासह, मांडीवर बरणी घेऊन. तिच्यात तीन पाकोळ्या फडफडत होत्या. "हे तिन्ही कोष पेणला काळे पडले," त्यांनी गावाला सांगितलं. "पारीनं पेण बघितलेलंसुद्धा नाही." हवालदारानं महाराजांना जीपमध्ये बसवलं. कोंबडे मागे राहिले.

तेव्हा मालू उठली. भाषण करायची तिला सवय नव्हती.

"मी काय शहाणी नाय," ती म्हणाली. "म्हाराज म्हणाले सोनं, मी म्हणाले रंग. दोघांनीबी बघितलं नव्हतं. मी देवाला मानत नाय म्हणून माझं खरं, असं नसतं. बघायचं, थांबायचं, आणि ज्याला ठाऊक हाय त्याला इचारायचं. आपल्यात ठाऊक व्हतं एकीलाच, नि तिच्यासाठीच आपण तेल तापवलं."

टाळ्या वाजल्या नाहीत ते बरं झालं, वाजल्या असत्या तर पारी उठून गेली असती. ती पाकोळीकडे बघत होती. पंख वाळले होते. पाकोळी एकदा फडफडली आणि कण्हेरीवरून उडून गेली. मालूनं कॅमेरा उचलला नाही.

लोक पांगले. हौसामावशी मात्र झाडाखाली वाकून उभी होती. एका पानाच्या पाठीला साबुदाण्याएवढा एक पांढुरका ठिपका चिकटला होता. तिनं बोट पुढं केलं, मग मागं घेतलं.

"पारी गो," तिनं हाक मारली, "हे काय हाय?"

पारी लगेच हलली नाही. सगळं गाव तिच्याकडे बघतंय, हे तिला कळत होतं. मग ती सावकाश चालत झाडाशी आली आणि हौसामावशीच्या शेजारी उकिडवी बसली.

"अंडं हाय," ती म्हणाली. "हात नको लावू. बस हितं, दाखवते."