पाटीला हात

"माझ्याकडे नको, मोबाईलकडे बघ. आणि म्हण, 'मला लिफ्टमधून कुणी बाहेर काढलं नाही.' एवढंच! तू मोकळी, आम्ही मोकळे."

सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार मोबाईल धरून उभे होते. समोर मासळीची भरली पाटी आणि पाटीमागे गोराईची पुतळाबाई. बोरीवलीच्या या इमारतीत ती सासूच्या काळापासून मासळी विकत आली होती. कोळणीनं वर जायचं ते जिन्यानंच, हा नियमही तेवढाच जुना. परवा गुडघा धरला म्हणून ती लिफ्टमध्ये शिरली आणि नंदकुमारांनी तिला बाहेर काढलं. "तुमच्या लोकांना जिना आहे ना?" हे त्यांचं बोलणं पुतळाबाईच्या इथल्या जुन्या गिऱ्हाईक मृणालिनीताईंच्या नातीनं, श्रुतिकानं, मोबाईलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत ते जगभर झालं.

त्या व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलंय, ते पुतळाबाईला सून रोशनीनं वाचून दाखवलं होतं. कुणी सोसायटीला शिव्या घातल्या होत्या, कुणी पुतळाबाईच्या काळ्या रंगाला आणि वासाला. आज रस्त्यात एका अनोळखी माणसानं 'ए लिफ्टवाली!' अशी हाक मारली, तेव्हा तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता.

"साहेब, नाय बोलली तर?"

"तर उद्यापासून गेट बंद. कमिटीनं ठरवलंय. दोन शब्दांसाठी सगळी गिऱ्हाइकं घालवतेस का?"

पुतळाबाईनं घाबरून मान डोलावली.

"हां. आणि पाटीवर हात ठेव की. तेवढंच खरं वाटेल."

नंदकुमारांना ठाऊक नव्हतं. सासूनं पहिल्या दिवशीच पुतळाबाईला बजावलं होतं: भरल्या पाटीवर हात ठेवून बोललेलं दर्याला ऐकू जातं.

तिनं हात ठेवला. बर्फाचं पाणी बोटांना लागलं. ती मोबाईल सोडून पाटीकडेच बघत राहिली.

"अगं, बोल ना!"

"मना भायेर काढला व्हता, साहेब," ती कशीबशी म्हणाली. "हात पाटीवर हाय. खोटा कसा बोलू?"

नंदकुमारांनी मोबाईल खिशात टाकला. "मग उचल तुझी पाटी. पुन्हा इथं दिसू नकोस."

तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली. पण भरली पाटी एकटीनं चढत नाही, समोरून कुणीतरी हात लावावा लागतो. तिनं वॉचमन चंदूकडे पाहिलं. रोज तोच हात लावायचा. चंदूनं नंदकुमारांकडे पाहिलं आणि तो गेटची कडी उगाच वरखाली करू लागला.

जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. कठडा धरून मृणालिनीताई उतरत होत्या.

"अहो ताई, लिफ्ट चालू आहे," नंदकुमार म्हणाले.

"असेल." ताई पाटीपाशी वाकल्या. "पुतळे, धर."

"बाय, हाताला वास लागंल."

"आज नवीन लागणार आहे का? धर म्हणते ना!"

पाटी डोक्यावर चढली. उद्या कुठल्या दारी बसायचं हे पुतळाबाईला ठाऊक नव्हतं. ती गेटाबाहेर पडली. ताई ओले हात न पुसता तशाच जिन्यापाशी उभ्या राहिल्या.