मावशींचं खरं नाव

"कुणी आधीच घेतलं नसेल ना गं?" मावशींनी पुन्हा विचारलं.

"थांब ना जरा, बघतेय," भाची म्हणाली. पडद्यावर चक्र फिरत होतं.

 मावशींचा उभा जन्म अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सेवा करण्यात गेला, पण कुणाच्या घरातल्या चमच्यालाही त्यांनी कधी वावगा हात लावला नाही. आणि आज नव्या कामाच्या घरून, तिथल्या आजोबांच्या मुलाचा फोन आला. त्यानं पूर्ण नाव आधीच विचारून घेतलं होतं.

"इंटरनेटवर तुमचं नाव टाकून पाहिलं. पेशंटचे दागिने चोरल्याची बातमी आली."

ती बाई दुसरीच होती. पण नाव तेच, आडनावासकट, आणि कामही तेच. बातमीत फोटो नव्हता. "कळवतो," म्हणून त्यानं फोन ठेवला. आता यापुढे जो कुणी शोधेल त्याला हेच दिसणार.

उपाय भाचीनं काढला. मावशींच्या पूर्ण नावाचं डोमेन घ्यायचं, म्हणजे इंटरनेटवरचा त्यांचा स्वतःचा पत्ता. तिथे फोटो, अनुभव, लोकांचे चार चांगले शब्द टाकायचे.

"मिळालं!" भाची ओरडली. "पण दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावं लागेल हं."

"नाव माझं आणि भाडंही मीच भरायचं? छान आहे!" मावशी हसल्या.

फोटो चढला. "आता तुझ्याबद्दल कोण लिहील? एखादा जुना पेशंट?"

मावशी आठवू लागल्या. डाव्या गुडघ्याखाली उशी लागणारे हेडमास्तर. पाणी जरा गरम झालं की शिव्यांची लाखोली वाहणाऱ्या आजी. "सगळे गेले गं. आमच्याकडचा पेशंट दाखला द्यायला उरत नाही."

शेवटी हेडमास्तरांच्या मुलीला फोन लावला. मावशींनी आपलं पूर्ण नाव सांगितलं.

"कोण?" आवाज कोरडा होता.

"अहो, तुमच्या बाबांना बघायला होते ती."

"अगंबाई, मावशी! असं सांगा ना! लिहिते की, आत्ता लिहिते. पण तुमचं नाव हे आहे? मला माहीतच नव्हतं."

चूक तिची नव्हती. प्रत्येक घरात पाऊल टाकताच त्या स्वतःच सांगायच्या, मावशी म्हणा. नावानं बाई परकी वाटते, मावशी म्हटलं की घरची होते, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे माया भरपूर मिळाली. नाव मात्र कपाटातल्या नव्या चादरीसारखं घडी न मोडता पडून राहिलं, आणि चारचौघांत ते मिरवलं त्या चोरट्या बाईनं. मावशींना रडू आलं.

भाचीनं ते पान नव्या घरच्या मुलाला पाठवलं. संध्याकाळी निरोप आला, उद्यापासून या.

दुसऱ्या दिवशी मावशी खोलीत शिरल्या तेव्हा मुलगा कपाटाला कुलूप लावत होता. त्यांना पाहून तो ओशाळला. किल्ली मात्र त्यानं खिशात टाकली. मावशींनी ते पाहिलं आणि बाह्या वर सारल्या.

"काय म्हणू मी तुम्हाला?" पलंगावरच्या आजोबांनी विचारलं.

नेहमीचं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. मावशींनी ते गिळलं आणि नाव सांगितलं, आडनावासकट, दारात उभ्या मुलालाही ऐकू जाईल असं.

आजोबांची जीभ जड होती. नाव धड उमटेना.

मावशींनी त्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवली.

"होईल सवय," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हणा."