पाच आकडे फरशीखाली

मी एक जुनी, उंची मोजायची लाकडी पट्टी आहे. लहान मुलांच्या दवाखान्यात वजनकाट्याशेजारी मला भिंतीला ठोकले आहे. आपली गोष्ट सांगणारे बहुतेक जण स्वतःचे कौतुक करतात. मला तेवढे तोंड उरलेले नाही. मित्रांनो, मी एका मुलीचे अर्धे वर्ष खाल्ले, तेच सांगते.

सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले आणि एकापासून एकशे चाळीसपर्यंतचे आकडे हाताने रंगवले. हिचा पाय जमिनीला टेकलाच पाहिजे, असे त्याने बजावले होते. पुढे कितीतरी वर्षे माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. माणूस खोटं बोलेल, पट्टी बोलणार नाही, असे नर्सबाई सगळ्यांना सांगायच्या. ते ऐकून मी फुगत असे.

अशात एक शिवणकाम करणारी आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीला घरात लाडाने ठमी म्हणत. दोन वर्षांची झाली तरी ती नुकतीच पाऊल टाकू लागली होती, आणि बोलणे म्हणाल तर दोनच शब्द. तान्हेपणी मात्र तिचे भारी कौतुक झाले होते. रडत नाही, झोपून राहते, दुधासाठीही हलवून उठवावे लागते; असे गुणी बाळ नशिबाने मिळते, असे शेजारणी म्हणत. तिच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जन्मापासूनच मंद होती. त्या ग्रंथीच्या रसावर मुलांची हाडे वाढतात, आणि पहिली तीन वर्षे मेंदूसुद्धा. जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेतले तर हे कळते. ती जन्मली तिथे ते कोणी घेतले नव्हते.

मी आकडा दाखवला, अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, कमी आहे. सहा महिन्यांनी पुन्हा मोजू, वाढली नसेल तर रक्त तपासू.

त्याच सहा महिन्यांत दवाखान्यात नवी फरशी आली. मला काढायची तसदी गवंड्याने घेतली नाही. जुन्या फरशीवरच सिमेंट ओतून त्याने नवी फरशी माझ्या अंगाला आणून भिडवली. माझे एक ते पाच आकडे खाली पुरले गेले. तिथे मुलांच्या टाचा असतात आणि मोठ्यांची नजर वरच्या आकड्यावर, त्यामुळे कोणाच्याच ध्यानात आले नाही. सगळी मुले एकदम वाढली. एक आजोबा तर नातवाला खांद्यावर घेऊन मिरवत गेले.

ठमी पुन्हा उभी राहिली. नर्सबाईंनी वाचले, चौऱ्याऐंशी.

"सहा महिन्यांत सहा सेंटिमीटर. आता कशाला टोचायचं पोरीला?"

"पण बाई, हिच्या दुसऱ्या वाढदिवसाचा फ्रॉक अजून तेवढाच येतो," आई म्हणाली. "वाढत्या अंगाची म्हणून खाली दोन बोटं कापड दुमडून ठेवलं होतं. ते उसवावंच लागलं नाही."

"शिवताना माप चुकलं असेल. इथे आकडा आहे ना समोर?"

बारा वर्षे कपड्यांची मापे घेणारी ती आई आकड्यापुढे स्वतःच्याच मापावर शंका घेत ठमीला घरी घेऊन गेली. लाकडाला ओरडता येत नाही. पण खरे सांगू? माझे पाय पुरले गेलेत, हे माझे मलाच कबूल करवत नव्हते.

आणखी सहा महिन्यांनी आकडा आला पंच्याऐंशी. मागच्या वेळी भराभर वाढली, आता जरा दम घेतेय, असे म्हणून नर्सबाई कार्डावर लिहू लागल्या. या वेळी आईने पिशवीतून टेप काढली. गुडघे टेकून तिने टेपचे टोक फरशीवर धरले आणि माझ्या अंगालगत वर ताणली. माझ्यावर पंच्याऐंशी होते तिथे टेपवर ऐंशी होते.

"बाई, तुमची पट्टी पाचाच्या पुढून सुरू होते," ती म्हणाली.

रक्त त्याच दिवशी घेतले. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. तेव्हा ठमीला तीन वर्षे पूर्ण झाली होती. डॉक्टर आईला म्हणाले, सहा महिने आधी कळलं असतं तर... आणि कार्डावर गोळीचे माप लिहू लागले.

गोळीने उंची भरून आली. एकेका फ्रॉकचे दुमडलेले कापड उसवले गेले. पण शाळेत ती दोन वर्षे मागे आहे, आणि मनातले शब्द ओठांवर यायला तिला फार वेळ लागतो. त्याचे मला वाईट वाटते. त्याहून जास्त चीड येते. मला उखडून वर बसवणे अर्ध्या तासाचे काम. त्याऐवजी माझ्याशेजारी पेन्सिलीने 'पाच वजा करा' लिहिले. मागच्या वर्षी भिंतीला रंग दिला, ते अक्षर त्याखाली गेले. जुन्या नर्सबाई निवृत्त झाल्या, आणि नव्या बाईंना कोणी काही सांगितले नाही.

परवा नऊ वर्षांची ठमी तपासणीला आली होती. आई रांगेत असताना ती माझ्यापुढे उकिडवी बसून खालून एकेका आकड्यावर बोट ठेवत होती. बराच वेळ लागला. मग ती म्हणाली, "बाई, पाच कुठे गेले?"

नव्या बाई म्हणाल्या, "मध्ये बसू नकोस, दुसऱ्यांना मोजायचंय."

मित्रांनो, मला नीट बसवा, नाहीतर चुलीत घाला. तोवर तुमच्या धाकट्या भावंडाला इथे आणाल, तेव्हा मी वर काय दाखवते ते नंतर वाचा. आधी ठमीसारखे खाली बसा.