काट्यावर कोण चढलं

चारुलतानं चप्पल काढली आणि मार्केट यार्डातल्या पोत्यांच्या काट्यावर चढायला ती पुढं झाली, तसा सिद्धू हमाल आडवा आला.

"आवं बाई, थांबा. पूजा केलीया त्येची."

काट्याच्या लोखंडी पाटावर खंडेनवमीचं हळदकुंकू अजून चिकटलेलं होतं. चारुलता कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, आणि आठवडाभर तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पेपरात पहिल्याच पानावर आलं होतं, लठ्ठपणात सांगली राज्यात पहिली, सातारा सगळ्यात शेवटी. कुणा औषधवाल्यांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गावोगाव वजनं घेऊन ही यादी केली होती. सांगलीकरांनी ती वाचून एकमेकांच्या पोटावर थापट्या मारल्या आणि आणखी एकेक चहा सांगितला. चारुलताच्या घरी मात्र नववीतली ज्ञानदा चतकोर भाकरी खाऊन पानावरून उठत होती. दिवाळीचा नवा ड्रेस शिंप्याकडून आणायलाही ती तयार नव्हती. पोरीची हनुवटी टोकदार दिसायला लागली, तसा चारुलताला त्या यादीचा भयंकर राग आला. वजनं यार्डात घेतली होती असं कळल्यावर, तिथला काटाच खोटा असणार म्हणून ती स्वतः चढून बघायला आली होती.

"मग त्या दिवशी वजनं कशावर घेतली?"

"ह्येच्यावरच की. त्यांचा काटा वाटंत मोडला, म्हणून ह्यो घेतला."

"तुम्ही चढलात?"

"छ्या! पुजलेल्याला पाय लावायचा व्हय? आमच्यातला एकबी गडी चढला न्हाई."

"मग कोण चढलं?"

"मालकांचा काटा, मालक चढले. त्येंचे भाऊ, दिवाणजी, बाकीची शेठ मंडळी. त्येंना कोण बोलणार?" सिद्धूनं दोन्ही हातांनी पोटाचा घेर दाखवला, आणि बाईमाणसासमोर हे बरं दिसत नाही असं वाटून हात खाली घेतले.

"आणि साताऱ्यात?"

"तितं माझा पुतण्या मिल्ट्रीच्या भरतीला गेलता. मैदानावरची पळणारी पोरंच मोजली म्हनं."

चारुलता भर यार्डात मोठ्यानं हसली. मग लुना दामटत घरी आली आणि पर्ससुद्धा खाली न ठेवता तिनं ज्ञानदाला सगळं सांगितलं.

"शेठजी मोजले आणि गाव लठ्ठ ठरवलं! मी आजच पेपरला पत्र लिहिते. ती यादी खोटी आहे, ज्ञानू. चल, वाढते तुला."

तिनं गरम भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली. ज्ञानदानं भाकरी मोडली आणि अर्धी उचलून परत टोपलीत ठेवली.

"आता काय झालं? सांगितलं ना, यादी खोटी आहे."

"पेपर नंतर आला, आई."

"कशाच्या नंतर?"

"माझ्या ड्रेसचं माप दिलं, त्याच्या." ज्ञानदा ताटाकडंच बघत होती. "तू शिंप्याला म्हणालीस, दोन बोटं जास्तच ठेवा, हिचं काही सांगता येत नाही. तो हसला. तूही हसलीस."

चारुलताला आधी काही आठवेना. मग टेप गळ्यात अडकवलेला शिंपी आठवला, आणि आपलं हसणंही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, ते आपलं सहज. एवढ्या एका वाक्यावरून तू..."

"एकाच माणसावरून काही ठरवायचं नसतं, तूच सांगतेस ना. मी तसंच मनाला समजावत होते." ज्ञानदानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. "पण ते माणूस तू होतीस."

चारुलतानं टोपलीतली अर्धी भाकरी उचलली, तिच्या पानात ठेवायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. भाकरी हातात धरूनच ती लेकीशेजारी बसली.

"ज्ञानू," तिनं विचारलं, "तुला किती हवी?"