सख्ख्या भावाचं रक्त

"आक्का, माझं रक्त मागू नको," म्हस्कू गिरणीच्या दारातूनच म्हणाला. "जयाला बघायला पिंपळवंडीचं पावणं यायचंय. आमच्या घरात आजार हाय म्हणून बोभाटा झाला तर पोरीचं काय?"

त्याची थोरली बहीण सुंदरा उंच स्टुलावर बसून हातांवरचं पीठ झटकत होती. पंचविशीत तिच्या मांड्यांतलं बळ ओसरू लागलं, तेव्हा नवऱ्याने तिला पिंपरी पेंढारला माहेरी आणून सोडलं. थोरला भाऊ जानकू याच दुखण्याने झिजून गेला होता. घराण्याला शाप आहे, असं लोक म्हणत. सुंदराने मात्र पिठाची गिरणी टाकली आणि बसल्या जागेवरून ती चालवली. बायका आपापलं दळण स्वतःच वर ओतत आणि गप्पा मारत थांबत. दिवस मजेत जात होते.

दुपारी पुण्याहून डॉक्टर अक्षदा आली. स्नायू झिजवणाऱ्या सुंदराच्या आजाराचं नाव तिनेच शोधून काढलं होतं. असे रुग्ण इतके थोडे, की पुणे, हैदराबाद आणि जपानमधले संशोधक आपापले नमुने एकत्र करून औषध शोधत होते. आता त्यांना निरोगी सख्ख्या भावंडाचं रक्त सुंदराच्या रक्ताशी ताडून पाहायचं होतं.

"मी चालाया लागंन का?" सुंदराने विचारलं.

"खोटं नाही सांगणार, ताई. औषध निघालंच, तर ज्यांचा आजार नुकता सुरू झालाय त्यांना आधी उपयोग होईल."

"व्हऊ दे की. त्यांचं पाय तरी टिकतील."

अक्षदाने मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे जपानमधली एक बाई होती, हाच आजार असलेली. तिने हसून मान लववली. मग दोन्ही हात मांड्यांवर रोवून, कंबर वळवत ती खुर्चीतून हळूहळू उठली.

दारात रेंगाळलेला म्हस्कू पुढे सरकला.

"जानकूदादा असाच उठायचा," तो म्हणाला. "इतक्या लांबच्या बाईला कुणाचा शाप लागला असंल, आक्का?"

मग तो अक्षदाकडे वळला.

"डॉक्टर, माझ्या जयाला व्हईल का ह्ये?"

"आई आणि वडील, दोघांकडूनही दोष आला तरच होतो, भाऊ. भीती फार कमी आहे."

म्हस्कू गव्हाच्या पोत्यावर बसला आणि त्याने बाही वर सारली.

अक्षदा निघून गेली. म्हस्कूने कोपरात कापूस दाबून धरला होता, तोच त्याचा फोन वाजला. पिंपळवंडीचे पाहुणे होते.

"या की रविवारी," तो म्हणाला. "पर आधी गिरणीवर या. माझी बहीण हितं बसती. तिला भेटा. तिला काय आजार हाय त्ये मीच सांगतो तुमाला. मंग घरला जाऊ."

सुंदराने खाली बघितलं, पदर सारखा केला. तेवढ्यात कोंडाबाई बाजरीचा डबा घेऊन आली आणि तिने दळण वर ओतलं. सुंदराने बटण दाबलं. मोटर घरघरू लागली आणि भावाचं पुढचं बोलणं तिला ऐकू आलं नाही.