मर्व्हच्या तलावातले बुडबुडे

शनिवारी सकाळी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या त्या वस्तीतली निम्मी माणसं टॉवेल खांद्यावर टाकून मर्व्हच्या परसात जमायची. मर्व्ह अनवाणी काठावर उभा राहून हात पसरायचा, पोहायच्या तलावाच्या भिंतीतल्या भोकातून दुधाळ बुडबुडे उसळायचे आणि गर्दी चिडीचूप व्हायची. या पाण्यात क्लोरीनचा थेंब नाही, नुसतं मीठ आणि आशीर्वाद, म्हणून ते कधी हिरवं पडत नाही आणि दमासुद्धा ओढून घेतं, असं तो सांगायचा. फक्त औषध आणि आशीर्वाद एका अंगात नांदत नाहीत म्हणे!

म्हणूनच लिअ‍ॅनने आपल्या धाकट्या मुलाचा, लॅचीचा, दम्याचा पंप पर्समध्ये कोंडून ठेवला होता. नवरा गेल्यापासून त्या घरात कुणी धड रडलंही नव्हतं. लॅचीची छाती शिट्ट्या वाजवायची आणि त्याची बहीण टेगन फ्रिजची घरघर ऐकावी तशी ती ऐकायची.

त्या शनिवारी फाटकापासून काठापर्यंत येता येता लॅची धापा टाकत खाली बसला. टेगनने पंप मागितला. आधी आंघोळ, मग बघू, असं आई भिंतीकडे बघत म्हणाली. टेगनला रागही आला नाही. ती सरळ तलावाचं पाणी फिरवणाऱ्या मोटारीच्या खोलीत गेली आणि तिथलं बटण बंद करून आली.

मर्व्हने हात पसरले. पाणी ढिम्म.

"कुणाच्या तरी मनात शंका आहे," तो म्हणाला.

"शंका नाही मर्व्ह, बटण बंद आहे," टेगन म्हणाली.

तलाव असलेल्या प्रत्येक घरात पाण्यातला क्लोरीन तपासायचे थेंब असतातच. टेगनने खोलीतूनच ते आणले होते. पेलाभर पाण्यात टाकले तर पाणी पिवळंधमक.

"म्हणजे क्लोरीन?" शेजारची नॉरीन म्हणाली. "अगं, क्लोरीन नको म्हणून तर आम्हीही मिठाचा तलाव केला."

"मग तुम्हीही क्लोरीनमध्येच पोहताय, मावशी."

शाळेत मिठाच्या पाण्यात वीज सोडायचा प्रयोग तिने बरणीत केला होता. खोलीतल्या डब्यात धातूच्या पट्ट्या असतात. त्यांतून वीज गेली की खाऱ्या पाण्यातच क्लोरीन तयार होतो, जंतू आणि शेवाळ मारतो आणि पुन्हा मीठ होतो. बुडबुडे हायड्रोजनचे. मर्व्ह फक्त तो डबा आपोआप सुरू व्हायची ठरलेली वेळ साधून हात पसरायचा.

लिअ‍ॅनने पर्स उघडली आणि पंप लॅचीच्या तोंडाला लावला. टेगनला तेव्हाही आनंद झाला नाही. शिट्ट्या विरत गेल्या, एवढंच तिने ऐकलं.

पाणी स्वच्छ करायला वीज आणि मीठ पुरतं, दम्याला मात्र औषधच लागतं. कुणापुढे पोर नेऊन बसवण्याआधी त्याच्या मोटारीच्या खोलीत एकदा डोकावून यावं.